‘एखादा जॅझ अल्बम सुचव ना’ असं कुणी म्हटलं तर

सांगलीचा दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, तीस वर्षं मैफिली ऐकतोय. पेटीही बरी वाजवतो. एकदा म्हणाला, “तू सारखं जॅझ जॅझ करतोस, एखादा अल्बम सांग की.” मी उत्साहाच्या भरात रात्री बसून चाळीस अल्बमची यादी केली, सालवार लावली आणि व्हॉट्सॲपवर धाडली. पंधरा दिवसांनी फोन केला तर म्हणाला, “वरचा पहिला लावला रे. फार जुनं रेकॉर्डिंग, नुसती खरखर. मग राहूनच गेलं.”

पहिला होता ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या बँडचा, १९२०च्या दशकातला. दादाला संध्याकाळी चहा घेत काहीतरी ऐकायचं होतं आणि मी त्याच्या हातात अभ्यासक्रम ठेवला होता. त्यानंतर यादी पाठवणं बंद केलं. आता एका माणसाला एका वेळी एकच अल्बम सांगतो, आणि तोही त्याचा कान बघून. ही पद्धत कशी चालते ते पायरीपायरीनं लिहितो. नावं ओघात येतीलच.

पायरी १ : आधी तीन प्रश्न

सगळ्यात जास्त काय ऐकतोस? गाण्यात शब्द लागतातच का? आणि ऐकतोस कशावर?

तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तिथंच घोळ होतो. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं पहिलं गाणं ‘सो व्हॉट’ घ्या. त्याची मुख्य धून डबल बेसवर, म्हणजे माणसाएवढ्या उंच तंतुवाद्यावर आहे, खर्जात. बेस एक वाक्य म्हणतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात. मोबाइलच्या स्पीकरवर बेस जवळजवळ गायब होतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला नुसती उत्तरं ऐकू येतात, प्रश्न येतच नाहीत. तो म्हणणार, “धून कुठंय यात?” म्हणून समोरचा फोनवरच ऐकणार असेल तर निदान इअरफोन लावायला सांगा. स्वयंपाक करताना लावणार असेल तर बेसवर उभा असलेला अल्बम सांगूच नका, गाणाऱ्याच्या आवाजाचा सांगा.

पायरी २ : एक अल्बम, एक गाणं, एक खूण

अल्बमचं नाव सांगून थांबू नका. त्यातलं एक गाणं सांगा आणि त्या गाण्यात कुठं कान लावायचा ते सांगा. “दीड मिनिटाला सिंबलवर एक जोरदार आघात येतो, तिथून ट्रम्पेट सुरू होतं, तेवढं ऐक.” असं सांगितलं की माणूस वाट बघत ऐकतो. ‘फार ग्रेट अल्बम आहे’ हे वाक्य मात्र टाळा. न आवडल्यास आपलीच अक्कल कमी, असं समोरच्याला वाटतं आणि पुढं तो तुमच्याशी हा विषयच काढत नाही.

पायरी ३ : चौकट आपल्या भाषेत सांगा

“यात नेमकं चाललंय काय?” ही नव्या ऐकणाऱ्याची खरी अडचण. मराठी कानाला ती पाच मिनिटांत समजावता येते, कारण शब्द आपल्याकडे तयारच आहेत.

सुरुवातीला सगळे मिळून धून वाजवतात. ती बंदिश समजा. या धुनेची लांबी ठरलेली असते, बहुतेक वेळा ३२ बार किंवा १२ बार. एका बारमध्ये चार मात्रा धरल्या तर ३२ बार म्हणजे १२८ मात्रा, तीनतालाची आठ आवर्तनं. ब्लूज या गीतप्रकाराचे १२ बार म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. धून वाजून झाली की हीच लांबी पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आपली बढत करतो. शेवटी सगळे परत धुनेवर येतात.

फरक दोन आहेत, तेही सांगून टाका. आपला सा मैफलभर हलत नाही. इथं खाली पियानो आणि बेस सुरांचे गुच्छ बदलत असतात आणि वादकाला त्या बदलत्या जमिनीवरून चालावं लागतं. दुसरं म्हणजे समेवर येऊन दाद घ्यायची रीत इथं नाही. टाळ्या पडतात त्या एकेकाचा सोलो संपल्यावर. सम शोधत बसलेला माणूस हमखास वैतागतो. त्याला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवायला सांगा. पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची सवय सुटायला दोन दिवस लागतात.

पायरी ४ : माणूस बघून अल्बम

रागदारी ऐकणाऱ्याला मी डोळे मिटून ‘काइंड ऑफ ब्लू’ देतो. सगळेच देतात हे खरं, पण त्यामागचं कारण फार कमी जण सांगतात. न्यूयॉर्कला १९५९च्या मार्च आणि एप्रिलमध्ये दोन दिवसांत हा ध्वनिमुद्रित झाला. माइल्स ट्रम्पेटवर, जॉन कोलट्रेन टेनर सॅक्सोफोनवर, कॅननबॉल ॲडर्ली त्याहून चढ्या आवाजाच्या आल्टो सॅक्सवर, पियानोला बिल इव्हान्स (एका गाण्यात विंटन केली), बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर जिमी कॉब. त्याआधीच्या जॅझमध्ये सुरांचे गुच्छ भराभर बदलत आणि वादक त्यांच्यामागे धावत असे. माइल्सनं इथं ती धावपळ काढून टाकली. एक स्वरसप्तक घ्यायचं आणि त्यातच निवांत फिरायचं.

दादाला दुसऱ्यांदा हाच अल्बम दिला, पण या वेळी यादीऐवजी पेटी काढायला लावली. म्हटलं, पांढरी दोनला सा धर आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजव. वाजवल्यावर म्हणाला, “हा तर काफी थाट.” ‘सो व्हॉट’ त्याच सुरांवर उभं आहे. पाश्चात्त्य संगीतात त्याला डोरियन म्हणतात. आता मोजायचं कसं? पहिली चार आवर्तनं तीनतालाची, सा पांढरी दोन. पुढची दोन आवर्तनं सा अर्धा स्वर वर सरकतो, काळी दोनवर, सुरांची रचना तीच. मग दोन आवर्तनं परत पांढरी दोन. हे चक्र फिरत राहतं. सुरुवातीला पियानो आणि बेसचा लयमुक्त तुकडा आहे, साधारण अर्ध्या मिनिटाचा, तो मोजायचा नाही. आलाप म्हणून सोडून द्यायचा. बेसची धून सुरू झाली की पहिलं आवर्तन.

दादानं फोन स्पीकरवर टाकून मला ऐकवत मोजलं. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा पाचव्या आवर्तनाला सा वर सरकला तेव्हा पलीकडून नुसतं “हं” आलं. मैफलीत चांगली जागा आली की तो जसा हुंकार देतो, तसंच. त्यानंतर त्यानं माइल्स आणि कोलट्रेनमधला फरक आपणहून सांगितला: एक मोजके सूर घेऊन मध्ये मोकळी जागा सोडतो, दुसरा आला की ताना सुरू.

एक बारीक गोष्ट. या अल्बमच्या मूळ तबकडीची पहिली बाजू किंचित चढ्या सुरात आहे, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचं यंत्र थोडं हळू फिरत होतं. १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत हे दुरुस्त केलं गेलं. पेटी जुळली नाही तर लगेच पेटीवाल्याकडं जाऊ नका.

तालाचं वेड असलेल्याला, तबला शिकणाऱ्याला किंवा ढोलपथकात रमणाऱ्याला डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ द्या. हाही १९५९चाच. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं आहे, सॅक्सवादक पॉल डेझमंडनं रचलेलं. झपताल अंगात असलेला माणूस ‘दोन-तीन’ मोजायला जातो आणि घसरतो, कारण इथं विभागणी तीन-दोन अशी आहे. एक-दोन-तीन, एक-दोन. मध्यावर ड्रमवादक जो मोरेलो याचा सोलो येतो तेव्हा पियानो काय करतो ते ऐकायला सांगा. ब्रुबेक तोच छोटा तुकडा न थकता फिरवत बसतो. तबला सोलोमागचा लेहराच तो! हे एकदा लक्षात आलं की तबलजी मंडळींना आणखी काही समजावावं लागत नाही.

याच अल्बममधलं ‘ब्लू राँडो’ नऊ मात्रांचं, दोन-दोन-दोन-तीन. ब्रुबेकची चौकडी १९५८मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर निघाली असताना हा ठेका त्याला तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडं सापडला. त्याच दौऱ्यात तो मुंबईलाही आला होता आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सोबतीला बसला होता.

भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी हेच ज्याचं विश्व, त्याला वाद्यांचा अल्बम आधी देऊ नका. त्याला शब्द आणि गळा लागतो. १९५६चा ‘एला अँड लुई’ द्या. एला फिट्झजेराल्डचा लोण्यासारखा आवाज, शेजारी आर्मस्ट्राँगचा खरबरीत, आणि मागं ऑस्कर पीटरसनची मंडळी अगदी हलक्या हातानं वाजवतात. एलानं ओळ सरळ म्हटली की लुई तीच ओळ कुठं रेंगाळून, कुठं घाई करून म्हणतो. शब्दाला मागंपुढं करायची ही गंमत गझल ऐकणाऱ्याला लगेच कळते.

अशा माणसाला हेही सांगा की जॅझ त्यानं लहानपणापासून ऐकलंच आहे. लिऑन ॲबीचा बँड १९३५मध्ये मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला आणि त्याच्यामागून इतरही अमेरिकी वादक आले. त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले आणि पुढं तेच सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, त्यातलाच. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. भगवानदादा आणि आपल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्या १९५१च्या ‘अलबेला’तल्या एका गाण्यात तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. घरातल्या मोठ्यांना ते गाणं आधी लावून दाखवा आणि मग ‘एला अँड लुई’. माझ्या आत्यानं त्यानंतर आर्मस्ट्राँगला ‘तो घोगरा’ असं नाव ठेवलं आणि अजून त्याच नावानं मागते.

भजन, अभंग, नामस्मरण यात ज्याचं मन लागतं त्याच्यासाठी कोलट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ आहे. हा सरसकट कुणालाही देऊ नये, पण योग्य माणसाला दिलात तर तो दुसरं काही मागणार नाही. ९ डिसेंबर १९६४ला एका बैठकीत ध्वनिमुद्रित झालेला, चार भागांचा, जेमतेम तेहतीस मिनिटांचा. कोलट्रेननं तो देवाला वाहिलेला आहे, आणि तसं पाकिटावर स्वतः लिहिलंही आहे. पहिल्या भागात बेस चार सुरांचा तुकडा धरतो. कोलट्रेन पुढं तोच तुकडा एकेका पट्टीतून फिरवत नेतो, जणू प्रत्येक दारात जाऊन तेच नाव घेतोय. मग वाद्य बाजूला ठेवून तोंडानं ते चार सूर म्हणू लागतो. चौथ्या भागाची गंमत वेगळीच. पाकिटावर त्याची एक कविता छापली आहे, आणि चौथ्या भागात तो सॅक्सवर ती कविता अक्षरशः वाचतो, शब्दागणिक सूर. कविता समोर धरून ऐकायला सांगा.

थेट तिथं उडी मारणं जड वाटलं तर त्याचंच १९६१चं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ आहे. साधं नाटकातलं गाणं, दादऱ्यासारखी झुलती लय. सोप्रानो सॅक्सचा आवाज पहिल्यांदा ऐकताना सनईच्या जवळचा वाटतो. गाणं तेरा मिनिटांहून जास्त चालतं आणि खालचे दोनच गुच्छ आलटूनपालटून वाजत राहतात, त्यामुळे तंबोऱ्याची सवय असलेला कान तिथं स्थिरावतो.

रात्री एकट्यानं ऐकणाऱ्याला बिल इव्हान्सचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१च्या रविवारी वाजवलेलं. ग्लासांची किणकिण, लोकांची कुजबुज सगळं त्यात आहे. बेसवर स्कॉट लाफारो, जो साथ करत नाही, पियानोशी बोलतो. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला, वय २५. ही गोष्ट अल्बम ऐकून झाल्यावर सांगा. आधी सांगितली तर माणूस दुःख शोधत ऐकतो, आणि त्या संध्याकाळी तिथं दुःख नव्हतं.

रॉकवाल्या भाचेमंडळींना हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’, १९७३चा. काही समजावू नका, आवाज मोठा ठेवा. ज्याला नुसतं खूश व्हायचंय त्याच्यासाठी ड्रमवादक आर्ट ब्लेकीचा ‘मोनिन’ किंवा सॅक्सवादक सॉनी रॉलिन्सचा ‘सॅक्सोफोन कोलोसस’. दुसऱ्यात ‘सेंट थॉमस’ हे वेस्ट इंडीजच्या वळणाचं गाणं आहे, त्यावर पाय हलला नाही तर डॉक्टरला दाखवावं. हाच रॉलिन्स १९६०च्या दशकाच्या अखेरीस वाजवणं सोडून पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात मुंबईत वाजवायला परत आला.

पायरी ५ : कोणती प्रत, ते नीट सांगा

मोबाइलवर एकाच अल्बमच्या सहा-सात आवृत्त्या दिसतात. ‘डिलक्स’, ‘कम्प्लीट’ वगैरे. त्यांत एकच गाणं दोन-तीनदा वाजवलेलं असतं, आणि नवा माणूस म्हणतो, “मघाशी हेच वाजलं ना?” म्हणून मूळ गाणी किती ते आकड्यात सांगा. ‘काइंड ऑफ ब्लू’ची मूळ गाणी पाच, सहावं आलं की बंद करायचं.

याला एक मोठा अपवाद आहे. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचा १९५६च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातला कार्यक्रम. त्या वेळी निघालेल्या तबकडीत बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून टाकलेला होता. १९९९मध्ये मैदानावरचं खरं ध्वनिमुद्रण पूर्ण स्वरूपात निघालं, तेच ऐकावं. त्यात टेनरवर पॉल गोन्साल्विसनं ब्लूजची लागोपाठ सत्तावीस आवर्तनं वाजवली आहेत आणि मागं लोक उठून नाचायला लागल्याचा गलका वाढत जातो. आडनावावरून गोव्याचा वाटतो. म्हापशाच्या माझ्या मित्रानं तर पैज लावली होती. पण त्याचे आईवडील आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांचे.

संग्रह, म्हणजे ‘बेस्ट ऑफ’, १९५०च्या आधीच्या वादकांसाठी ठीक. तेव्हा तीन-तीन मिनिटांच्या तबकड्याच निघत, अल्बम असा विचारच नव्हता. त्यानंतरच्यांसाठी टाळा.

पायरी ६ : दुसरा अल्बम वादकाच्या मागून

पहिला आवडला की लगेच दुसऱ्या टोकाचं काही देऊ नका. आवडलेल्या अल्बममधल्या एखाद्या वादकाचं बोट धरा. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये कॅननबॉल आवडला? मग त्याचा १९५८चा ‘समथिंग एल्स’, ज्यात माइल्स त्याच्या हाताखाली वाजवतो. कोलट्रेन आवडला? १९५७चा ‘ब्लू ट्रेन’. पियानो आवडला तर बिल इव्हान्सचं वर आलंच. जॅझमध्ये पाकिटाच्या मागच्या बाजूची नावं वाचायला शिकणं ही निम्मी लढाई आहे, आणि मोबाइलवर ती नावं सहज दिसत नाहीत. शोधून तुम्हीच पाठवा.

पायरी ७ : मागं ठेवायचे

ऑर्नेट कोलमन, माइल्सचा १९७०चा ‘बिचेस ब्रू’, शेवटच्या वर्षांतला कोलट्रेन. माझे जीव की प्राण अल्बम यात आहेत, तरी पहिल्या तीन महिन्यांत मी कुणाला देत नाही. आपली आवड सिद्ध करायला म्हणून तर मुळीच नाही. आर्मस्ट्राँगचा हॉट फाइव्हही याच खणात. तो दादाला दीड वर्षानं पुन्हा दिला. ‘वेस्ट एंड ब्लूज’, १९२८चं. सुरुवातीला ट्रम्पेट एकटंच साथीशिवाय उसळी घेतं, तेवढे बारा-पंधरा सेकंद ऐक म्हटलं. या वेळी खरखरीची तक्रार आली नाही. “इतक्या लवकर संपलं?” असं आलं.

अल्बम पाठवल्यावर आठवडाभर गप्प राहा. ‘ऐकलंस का’ विचारू नका. उत्तर आपोआप येतं आणि बहुतेक वेळा प्रश्नाच्या रूपात येतं. पुढचा अल्बम त्या प्रश्नातच असतो. “तो ड्रमवाला कोण रे?” असं आलं तर आर्ट ब्लेकी. “बेस काय सुंदर वाजवलाय” आलं तर चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह उम’, जिथं बेसवालाच मालक आहे. “गाणारी एखादी बाई सांग” आलं तर बिली हॉलिडे. आणि “हे संपतं कधी?” असं आलं, तर मुकाट्यानं ‘एला अँड लुई’.